दोन जुळ्या करवती आणि एक झाकण

मित्रांनो, मी एक जुनी मशीन करवत आहे. झाडांच्या फांद्या कापणारी, पेट्रोलवर चालणारी, एका माणसाला हातात धरून झाडावर नेता येईल इतकी लहान. माझा केशरी रंग, माझी मूठ, माझा आकार पाहून तुम्हाला एका नामांकित करवतीची आठवण होईल. व्हायलाच हवी. मला बनवलेच आहे तिच्याकडे बघून. मी नक्कल आहे. हे सांगायची मला लाज वाटत नाही. भीती मात्र अजून वाटते, आणि ती कशाची ते तुम्हाला सांगावे म्हणूनच आज बोलते आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे मधल्या टेबलावर ती नामांकित करवत उघडून ठेवलेली असायची, मासा साफ करायला घ्यावा तशी. माणसे तिचा एकेक भाग उचलत, मोजत आणि तसाच दुसरा घडवत. माझे इंजिन जोडणारा कारागीर हाताचा चोख होता. आजही मी एका ओढीत सुरू होते ती त्याच्यामुळे.

पण करवतीत इंजिनाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट असते, ती म्हणजे साखळीचा ब्रेक. माझ्या लांब पात्याभोवती दातेरी साखळी फिरते, तीच लाकूड कापते. कधीकधी पात्याचे टोक नको तिथे टेकते आणि करवत उसळून कापणाऱ्याच्याच अंगावर येते. अशा वेळी त्याचे मनगट मुठीपुढच्या ढालीवर आपटते, ढाल पुढे सरकते आणि बाजूच्या झाकणात बसवलेली पोलादी पट्टी साखळी फिरवणारे चाक गच्च आवळते. पापणी लवायच्या आत साखळी उभी राहते. म्हणजे राहायला हवी.

माझ्या झाकणात ती पट्टी बसवणाऱ्या बाईंनी ती दोन बोटांत धरून पाहिली होती. "साहेब, ही नुसत्या नखानं वाकतेय," त्या म्हणाल्या.

"झाकणाच्या आतच जाणार ना? मग कोण बघतंय? लावा, पुढचा ट्रे आला."

बाईंनी पट्टी लावली. झाकण बंद झाले.

खरी करवतही हलकी असते, मित्रांनो. पण तिचे हलकेपण कुणीतरी बसून विचार करून आणलेले असते. धातू कोणता घ्यायचा, पोकळी कुठे ठेवायची, हादरे हातापर्यंत पोचू नयेत म्हणून रबर कुठे बसवायचे, हे सारे ठरवून. माझे हलकेपण तसे नव्हते. जिथे डोळा पोचत नाही तिथून थोडे थोडे काढून घेतले, म्हणून मी हलकी झाले. वजनकाट्यावर हा फरक दिसत नाही.

दुकानात मला बघायला एक कुटुंब आले. वडील, मुलगा आणि मुलगी. झाडांची छाटणी हे त्यांचे घरचे काम. आधी बाबा झाडावर चढायचे. जुनी, जड करवत वर्षानुवर्षे चालवून त्यांच्या बोटांतले रक्त आटल्यासारखे झाले होते. गार पाण्याला हात लागला की बोटे खडूसारखी पांढरी पडत, आणि सदऱ्याची बटणे त्यांना मुलगी लावून देई. आता झाडावर तीच चढायची. दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, खाली राहून दोर आणि हत्यारे सांभाळायचा. तो तिला खारूताई म्हणायचा, म्हणून मीही तेच नाव घेते.

खारूताईने आधी नामांकित करवत उचलली आणि खांद्याच्या वर नेऊन तशीच धरली. मग मला उचलले.

"वजन सारखंच वाटतंय, दादा. पण हिच्यात काहीतरी खुळखुळतंय."

"नवीन आहे, रुळेल. आणि हे बघ, त्या एकीच्या पैशात या दोन येतात. एक बिघडली तर दुसरी तयार. काम अडायला नको."

"नुसती उचलून काय कळणार?" बाबा म्हणाले. "चालू करून द्या तिच्या हातात."

"दुकानात नाही हो चालू करत, काका, धूर होतो," दुकानदार म्हणाला.

"बाबा, तुम्ही मशीन घेताय का जावई बघताय?" दादा म्हणाला आणि सगळे हसले. त्या हसण्यातच दोन खोकी गल्ल्यावर आली. एकात मी होते आणि दुसऱ्यात माझी जुळी बहीण. तोच रंग, तोच आकार, झाकणेसुद्धा एकमेकींना बसणारी.

तुम्हाला वाटेल दादा चिक्कू होता, निष्काळजी होता. तसे मुळीच नव्हते. त्याच्याइतके प्रेमाने मला कुणी वागवले नाही. रोज काम संपले की तो माझ्या अंगातला भुसा जुन्या दात घासायच्या ब्रशने काढी, हवेची जाळी धुऊन वाळवी, साखळीचा एकेक दात कानशीने घासून लखलखीत करी. "नकली नकली म्हणून हिणवत होतीस ना? बघ, लोण्यासारखं कापतंय," असे तो बहिणीला ऐकवायचा, तेव्हा मला फुशारकी वाटे. काटक्या, फांद्या, वाळकी खोडे, सारे मी कापले. लोक खाली उभे राहून माना वर करून बघत. पण ढालीला धक्का लागला की माझ्या झाकणात ती पट्टी कण्हल्यासारखी वाजे, आणि तो आवाज मला एकटीलाच ऐकू येई.

त्या घरात एक शिस्त होती, बाबांनी लावलेली. झाडावर चढणाऱ्याने सोबत करवत न्यायची नाही. आधी त्याने वर जाऊन दोन ठिकाणी स्वतःला बांधून घ्यायचे, एकदा वरच्या फांदीवरून आलेल्या दोराला आणि एकदा खोडाभोवतीच्या पट्ट्याने. मग खालच्या माणसाने करवत सुरू करायची, भरधाव फिरवायची, मनगटाने ढाल ढकलायची. साखळी जागच्या जागी उभी राहिली, तर मोठ्याने ओरडायचे, "थांबली!" वरच्या माणसाने ते ऐकल्यावरच करवत ओढून घ्यायचा दोर खाली सोडायचा. दिवसातून एकदा, कामाच्या सुरुवातीला. हा एक शब्द ऐकला की खारूताईच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसायचा.

पावसाळे गेले, उन्हाळे गेले. माझी पट्टी झिजली. एकदा दादाने ढाल ढकलली आणि साखळी थांबायला उशीर झाला. तो मला घेऊन तडक मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने झाकण उघडून पट्टीवरून अंगठा फिरवला.

"ही गेली. थंड असताना धरेल एखादे वेळी, गरम झाली की सोडून देईल. झाकण फेकून द्या."

"नवीन पट्टी टाका ना."

"कुठून आणू? हिची कंपनी कुठली, कुणाला विचारू? नावाजलेल्या कंपनीची हिच्यात बसत नाही. बाजारातली आणली तर ती याच्याहून पातळ. नकलेची नक्कल असते ती."

दादाने मला घरी आणले. माझ्या जुळ्या बहिणीच्या झाकणातली पट्टी नशिबाने जाड निघाली होती. त्याने तिचे चांगले झाकण मला लावले, कारण माझे इंजिन जास्त भरवशाचे होते आणि झाडावर मीच जायचे. माझे झिजलेले झाकण मात्र त्याच्याने फेकवले नाही. ते त्याने तिला लावले.

"जमिनीवर चालतंय की," तो म्हणाला. "खाली पडलेल्या फांद्या कापायला ब्रेक कशाला लागतो? मी काय, माझ्या पायांवर उभा आहे."

खारूताई काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात बाबांनी बटणे लावायला हाक मारली आणि तो विषय तिथेच राहिला.

आणि मग तो दिवस आला.

एका बालवाडीच्या अंगणात उंच झाड होते. त्याची एक जाड, वाळलेली फांदी वर्गाच्या छपरावर ओणवी झाली होती. मुलांना त्या दिवशी सुट्टी होती, पण दुसऱ्या दिवशी वर्ग भरणार होता. त्याआधी फांदी उतरवायची होती. आभाळ भरून आलेले, वारा सुटलेला. बाबा शिट्टी घेऊन फाटकाशी बसले, कुणी आत येऊ नये म्हणून. सकाळी दादाने माझी परीक्षा घेतली. ढाल ढकलली, साखळी उभी राहिली. "थांबली!" तो ओरडला. खारूताईने दोर सोडला, मी वर गेले, आणि आम्ही दोघींनी बारीक फांद्या भराभर उतरवल्या.

दुपारी माझी साखळी खोडात रुतून बसलेल्या एका जुन्या खिळ्यावर घासली. कधी काळी कुणीतरी झोपाळा टांगायला ठोकला असावा. ठिणग्या उडाल्या, दात बोथट झाले. खारूताईने मला दोराने खाली सोडले.

"कानस मारत बसलो तर पाऊस गाठेल," दादा म्हणाला. "दुसरीची साखळी हिला चढवतो. चकचकीत आहे."

विचार चुकीचा नव्हता. पण साखळी बदलायची तर झाकण काढावे लागते. दादाने आम्हा दोघींची झाकणे काढली आणि ताडपत्रीवर शेजारी शेजारी ठेवली. दोन केशरी झाकणे, भुशाने सारखीच माखलेली. वाऱ्याने ताडपत्रीचे टोक उडाले. दादाने एका पायाने ते दाबले, नट दातांत धरले, चकचकीत साखळी माझ्या पात्यावर ओढून बसवली आणि हात लांब करून एक झाकण उचलले.

मित्रांनो, ते माझ्या अंगाला टेकले तेव्हाच मी ओळखले. नट आवळताना आतली पट्टी कण्हली, तिचा तो जुना, पातळ आवाज. ते चांगले झाकण नव्हते. ते माझेच होते, मिस्त्रीने फेकायला सांगितलेले.

मला ओरडावेसे वाटले. पण यंत्राला आवाज असतो तो फक्त इंजिनाचा, आणि दादाने दोरी ओढली तेव्हा मी नेहमीसारखीच सुरू झाले. एका ओढीत. त्या वेळी मला माझ्या चांगल्या इंजिनाचा राग आला. ते सुरूच झाले नसते, तर बरे झाले असते.

"दादा, थांबली का बघितलंस?" वरून खारूताईने विचारले.

"सकाळीच थांबली ना! दिवसातून किती वेळा बघायची?"

"साखळी बदललीस म्हणून म्हटलं."

"साखळी बदललीय, ब्रेक नाही बदलला. छपरावर फांदी कशी हलतेय ती बघ आधी. घे वर."

तिने क्षणभर खाली पाहिले. बाबांनीही फाटकापाशी मान वळवली. त्याच वेळी जोराचा वारा आला, वाळकी फांदी छपराच्या कौलांवर खडखडली, आणि खारूताई म्हणाली, "बरं, पाठव."

दादाने इंजिन बंद केले, आणि मी दोराला लोंबकळत वर जाऊ लागले. खाली दादा लहान होत गेला. ताडपत्रीवर माझी बहीण पडली होती, आणि चांगले झाकण तिच्याशेजारी स्वस्थ पडून होते. फांद्या बाजूने सरकत होत्या. एखाद्या फांदीत अडकावे, दोराला पीळ पडावा, काहीही व्हावे असे वाटत होते. काही झाले नाही. खारूताईने मला हातात घेतले. तिचे हात गरम होते आणि मुठीवरची पकड बिनधास्त होती. ज्याला खालून मिळालेल्या शब्दाची खात्री आहे, तोच हत्यार असे धरतो.

तिने मला सुरू केले आणि आम्ही फांदीला हात घातला. पहिली खाच नीट पडली. दुसऱ्या खाचेसाठी तिला थोडे वाकावे लागले. पलीकडे पानांआड एक तुटका खुंट होता, तो तिला दिसत नव्हता. मला दिसत होता. माझे टोक त्याच्याकडे सरकत होते आणि मी काही करू शकत नव्हते.

टोक टेकले. मी उसळले.

तिचे मनगट ढालीवर आपटले. ढाल पुढे गेली, अगदी जशी जावी तशी, खट्ट आवाज करून. झाकणात पट्टीने चाकाला मिठी मारली आणि ती मिठी निसटली. साखळी फिरतच राहिली.

मी तिच्या चेहऱ्याजवळून गेले. ती मागे झुकली. माझे दात खोडाभोवतीच्या पट्ट्यावर पडले आणि तो जाड पट्टा सुतासारखा तुटला. तिचे पाय सुटले. मी तिच्या हातून निसटून माझ्या दोराला लोंबकळले, आणि ती वरच्या दोरावर झोका घेत खोडावर खांद्याने आदळली.

क्षणभर कुठलाच आवाज नव्हता. माझे इंजिनसुद्धा बंद पडले होते. मग दोर करकरला. तो तुटला नव्हता. ती त्याला धरून हेलकावे घेत होती.

"खारू!" खालून दादा किंचाळला. त्या दिवशी त्याच्या तोंडून "ताई" निघाले नाही.

तिने आधी श्वास घेतला, मग पाय खोडाला टेकवले. ती अगदी हळू बोलली, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेले.

"थांबली नाही, दादा."

ती खाली उतरेपर्यंत दादाला सारे कळून चुकले होते. त्याने ताडपत्रीवरचे दुसरे झाकण उचलले, उलटे केले आणि आतल्या जाड पट्टीकडे बघत राहिला. त्याच्या ओठांना नटांचा काळा डाग होता. बाबा आले. त्यांनी मुलीच्या जाकिटाची बाही वर करून पाहिली, खांदा चाचपला. बोटांना नीट कळेना, म्हणून तळहाताने चाचपला.

"हाड नाही मोडलं, बाबा. निळं पडेल नुसतं," ती म्हणाली. मग हसायचा प्रयत्न करत दादाकडे वळली. "खार कधी पडत नाही म्हणतोस ना? बघ, पडता पडता राहिली."

दादा हसला नाही. "दोन्ही एकसारखी होती गं. मला वाटलं..."

"मला माहितेय तुला काय वाटलं. मी वर असते ना, तेव्हा माझ्याजवळ मशीन नसतं, ब्रँड नसतो, काही नसतं. तुझा शब्द असतो फक्त. तोही सकाळचा शिळा दिलास."

फांदी त्या दिवशी तशीच राहिली. दादाने ती दोराने खोडाला आवळून बांधली, आणि बाबांनी बालवाडीच्या बाईंना सांगितले की उद्या मुलांना मागच्या खोलीत बसवा, या छपराखाली नको. पाऊस आला. ताडपत्रीवर आम्ही दोघी भिजलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादाने आम्हाला पुसले नाही.

खांदा बरा झाल्यावर खारूताई पुन्हा दुकानात गेली. मी तिथे नव्हते, पण घरात त्या गोष्टीवरून इतके हसणे झाले की मला सारे कळले. दुकानदार नामांकित करवत पुढे करून म्हणाला, "ब्रँड आहे ताई, डोळे झाकून वापरा." तर ही म्हणाली, "डोळे झाकून झाडावर चढता येत नाही, काका. बाहेर रस्त्यावर चला, मला चालवून बघायचीय." तिने ती रस्त्यावर चालवली. गरम होईपर्यंत चालवली, मग ढाल ढकलली. ब्रेकची पट्टी सुटी मिळते का, दुरुस्ती कोण करतो, तेही विचारले. नंतर ती दादाला म्हणाली, "आता एकच घ्यायची. दुसरी तशीच नको. दोन असल्या की अदलाबदल होते."

त्या फांदीला शेवटी त्या नव्या करवतीने उतरवले. मला मत्सर वाटला का? थोडा वाटला. पण ती घरी आली तेव्हा तिच्याही जाळीत भुसा होता, तिचेही दात बोथट झाले होते. दादा तिला पुसत बसला होता. तिचीही निगा राखली नाही, तर तीही एक दिवस दगा देईल, हे तो आता जाणतो. साखळी बदलली, नट सैल केला, झाकणाला नुसता हात लागला, तरी तो पुन्हा परीक्षा घेतो. दिवसातून कितीही वेळा.

आम्ही दोघी खुंटीवर टांगल्या गेलो. धूळ बसली. मला वाटले, आता संपले. पण खरी काळजी पुढे होती.

एके दिवशी कोपऱ्यावरचे सुतारकाका आले. "त्या दोन पडून आहेत ना? दे मला. जे म्हणशील ते देतो."

"ब्रेक गेलाय, काका."

"मला काय झाडावर चढायचंय? जमिनीवर फळ्या कापायच्या."

जवळजवळ याच शब्दांत दादा स्वतः बोलला होता. त्याने मला खुंटीवरून काढले, अंगणात नेले, दोरी ओढली. मी लगेच सुरू झाले. त्याने मला चांगले तापू दिले आणि ढाल ढकलली. खट्ट. साखळी फिरत राहिली. सुतारकाका मागे सरले, पण मोह सुटेना.

"मी जपून वापरीन रे. इतकी वर्षं हत्यारांत गेली माझी."

"तुम्ही जपालच. पण उद्या कुणीतरी तुमच्याकडून मागून नेईल, 'जरा दोन फांद्या तोडून आणून देतो' म्हणून. हिच्या झाकणात काय आहे, ते त्याला कोण सांगणार? हिच्यावर लिहिलेलं नाही."

काका आणखी एक पाऊल मागे सरले. आपली किती हत्यारे कोणाकोणाकडे गेली आहेत, ते बहुधा त्यांना आठवले.

दादाने मला बंद केले, दगडावर आडवे ठेवले, नट सोडले आणि हातोडीच्या घावांनी ते झाकण मोडले. मग बहिणीचेही मोडले. चांगले होते, तरीसुद्धा. साखळ्या कापून त्याने त्यांचे तुकडे केले. प्रत्येक घावासरशी त्याचा चेहरा आक्रसत होता, कारण ज्या हातांनी मला इतके जपले होते तेच हात मला मोडत होते. खारूताई दारात उभी होती. ती पुढे झाली आणि तिने विखुरलेले तुकडे वेचायला त्याला मदत केली.

मला दुखले का? नाही, मित्रांनो. कुणीतरी विश्वासाने मला हातात धरेल आणि मी त्याला फसवीन, ही भीती त्या हातोडीने संपवली. आता मी कुणालाच कापू शकत नाही.

पण माझ्यासारख्या अनेकजणी अजून फिरतात. तुमच्या गल्लीत, तुमच्या काकांच्या गोदामात, कदाचित तुमच्याच घरात. कुणी स्वस्तातली वस्तू आणली म्हणून त्याला हसू नका. घर चालवताना माणसाला शंभर गोष्टी जुळवाव्या लागतात. महागाची आणली म्हणून निर्धास्तही होऊ नका. फक्त एक करा. कोणतेही यंत्र घरात आले, की ते चालू होते कसे हे सगळेच हौसेने दाखवतील. तुम्ही थोडे पुढे व्हा आणि विचारा, हे थांबतं कसं? मला थांबवून दाखवा. आत्ता, माझ्यासमोर, आणि काही बदललंत तर पुन्हा.

आणि कुणी वैतागून म्हणाले की सकाळीच बघितलंय, तर तुम्ही हट्ट सोडू नका.